कर्ता कोण?

मराठीच्या तासाला वाक्याची फोड शिकवताना मी गेली वीस वर्षे एकच युक्ती सांगत आलो आहे. क्रियापदातला धातू घ्यावा, त्याला 'णारा' हा प्रत्यय लावावा आणि 'कोण?' असे विचारावे. राम आंबा खातो. खाणारा कोण? राम. सापडला कर्ता! ही युक्ती व्याकरणाच्या पुस्तकातली आहे, माझी नव्हे. पण ती सांगताना मला अजूनही चोर पकडून दिल्याचा आनंद होतो. माझी शाळा रात्रीची. 'मुले' म्हणायचे ते शिरस्त्याने. त्यांतले कोणी दिवसभर मागावर उभे असतात, कोणी टॉवेलांच्या गाठी बांधतात, आणि एकदोघांचे केस तर माझ्याहून पांढरे आहेत. कर्ता नसलेले वाक्य म्हणजे मालक नसलेले घर, असे मी त्यांना सांगत असे. सांगत असे म्हणतो, कारण गेल्या दिवाळीपासून हे सांगणे मी बंद केले आहे. ते का, हे समजावून देण्यासाठी मला वाचकांना फराळाच्या ताटावरून उठवून सोलापुरातल्या एका रंगाई कारखान्याच्या बॉयलरपर्यंत न्यावे लागणार आहे. चिवड्याची बशी बरोबर घ्यायला हरकत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. रात्रशाळेतून निघाला, तंत्रनिकेतनात गेला, पुढे अभियंता झाला आणि शेवटी ऊर्जा-लेखापरीक्षकांची देशपातळीवरची परीक्षाही उत्तीर्ण झाला. त्याचा गुरू मी, आणि मी जुन्या भाषेत सांगायचे तर केवळ मॅट्रिक. विज्ञानात काठावर पास झालेला. तो नेमके काय करतो हे त्याच्या आईलाही नीट सांगता येत नाही. 'कारखान्यांची वीज तपासतो' असे ती सांगते आणि ऐकणाऱ्याला वाटते, बोर्डाचा मीटरवाला असेल. वास्तविक त्याचे काम हिशेबनिसाचे आहे. हिशेबनीस पैसा कुठून आला नि कुठे गेला ते पाहतो. हा वीज, वाफ, लाकूड, कोळसा कुठून आला आणि कुठे गेला ते पाहतो. आपल्याकडे २००१ साली ऊर्जासंवर्धनाचा कायदा झाला, १ मार्च २००२ पासून त्यासाठी केंद्राचे स्वतंत्र कार्यालय सुरू झाले, आणि सिमेंट, पोलाद, खते असल्या अवाढव्य उद्योगांना ही तपासणी सक्तीची झाली. २०१२ पासून तर अशा कारखान्यांना बचतीची लक्ष्येच ठरवून देण्यात आली. टॉवेल रंगवणाऱ्या लहान कारखान्यावर अशी सक्ती नव्हती. तिथल्या मालकाने स्वतःहून याला बोलावले होते, कारण लाकडाचे बिल आणि विजेचे बिल यांची जणू शर्यत लागली होती.

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर हा माझ्याकडे आला. म्हणाला, "मास्तर, अहवाल इंग्रजीत होणार. मालक म्हणतात, आमच्या सुपरवायझरांना आणि कामगारांना कळेल असा मराठीत द्या. मला तसं मराठी लिहिता येत नाही. तुम्ही लिहाल?"

मला कादंबऱ्या लिहायची सवय. न पाहिलेल्या गोष्टीवर लिहायचे नाही, एवढे एकच पथ्य मी आजवर पाळले आहे. म्हटले, "लिहितो, पण आधी मला तुझ्याबरोबर ने." मानधनाचे विचारशील तर, असे तो काही बोलू लागला, मी हात वर केला. पुढे मालकांनी बारा टॉवेल पाठवले. त्यांतला एकही मी अजून वापरलेला नाही.

पहिल्याच फेरीला तो मला साप्ताहिक सुटीच्या दिवशी घेऊन गेला. मला वाटले होते, यंत्रे तपासायची तर ती चालू असताना. तो म्हणाला, "आज ऐकायचं आहे." सगळी यंत्रे बंद, फक्त हवेचा कॉम्प्रेसर सुरू. ज्या यंत्रांसाठी ती दाबलेली हवा लागते ती सगळी निजलेली. म्हणजे कॉम्प्रेसरने एकदा नळ्या भरून गप्प बसायला हवे. तो गप्प बसेना. थोडा थांबे, पुन्हा धडधडू लागे. "ही हवा कुठं जातेय?" असे म्हणून त्याने मला उभे केले. मग त्या रिकाम्या छपराखाली आम्ही दोघे कान देऊन फिरलो. एका जोडापाशी बारीक 'स्स्स', एका रबरी नळीच्या टोकाशी सापाच्या फुत्कारासारखा आवाज, एके ठिकाणी चिंधी बांधून दडपलेला. कामाच्या दिवशी हे आवाज मागांच्या आणि पंख्यांच्या गजरात बुडून जातात. त्यानेच मला सांगितले की 'ऑडिट' हा शब्द लॅटिनमधल्या 'ऐकणे' या धातूपासून आलेला आहे. जुन्या काळी हिशेब वाचून दाखवीत आणि तपासणारा ते ऐकत असे. मला ही माहिती फार आवडली. मी ती वहीत टिपून घेतली आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, तिचा काहीच उपयोग केला नाही.

त्या दिवशी त्याने मला एक गणित करून दाखवले, ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. हवेच्या नळीला तीन मिलिमीटरचे, म्हणजे जाडशा सुईने पाडल्याएवढे भोक असले, आणि नळीतला दाब नेहमीचा, वातावरणाच्या सातपट असला, तर त्या भोकातून निघून जाणारी हवा भरीत राहण्यासाठी कॉम्प्रेसरला साधारण तीन किलोवॅट शक्ती लागते. दिवसरात्र चालू ठेवला तर बहात्तर युनिटे. बरे, युनिट म्हणजे काय? आपण बिलावर वाचतो, पैसे भरतो, विसरतो. एका युनिटात एक टन वजन सुमारे ३६७ मीटर उंच उचलण्याएवढे बळ असते. धट्टाकट्टा मजूर आठ तास अंग मोडून राबला तर त्याच्या हातून जे निव्वळ काम होते ते एक युनिट भरत नाही. अर्ध्याहून थोडे अधिक, एवढेच. म्हणजे त्या सुईच्या भोकातून रोज सुमारे एकशेवीस माणसांची दिवसभराची मेहनत सुस्कारा टाकून निघून जात होती.

आपल्या घरांतून उधळपट्टी हा एक नैतिक शब्द आहे. आजीच्या तोंडी तर तो शिवीसारखा असे. पण उधळपट्टीला उधळ्या लागतो. बापाची इस्टेट उडवणारा मुलगा, लग्नात पाच गावे जेवू घालणारा व्याही, यांची नावे घेता येतात. गावात त्यांच्या गोष्टी होतात. त्या भोकाला असा धनी नव्हता. कोणी ते पाडले नव्हते. रबर उन्हाने वाळले, चिरले, भोक पडले. कोणाला त्यातून सुख मिळाले नाही, मिजास मिरवता आली नाही. ज्यात भोगही नाही आणि भोगणाराही नाही असा नाश. त्याला पाप म्हणावे की नाही, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला, आणि प्रामाणिकपणे सांगतो, मी तो एखाद्या सुंदर परिच्छेदाचा मजकूर म्हणून बाजूला काढून ठेवला.

दुसऱ्या फेरीत बॉयलर पाहिला. बॉयलरवर अण्णा होते. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातले, घरी तेलुगू, बाहेर मराठी. साठीच्या अलीकडे, हातावर ठिणग्यांचे जुने डाग. माझ्या एका विद्यार्थ्याचे ते चुलते, त्यामुळे मला ओळखत. "या की मास्तर, बसा. च्या घ्या," असे म्हणून त्यांनी राखेच्या कडेला ठेवलेली किटली उचलली. बावीस वर्षे ते त्या भट्टीत लाकूड घालत होते. बाभूळ, चिंच, आंबा, जे येईल ते.

माझ्या विद्यार्थ्याने चिमणीकडे जाणाऱ्या धुराड्याला असलेल्या भोकात एक लांब नळी सरकवली. हातातल्या यंत्रावर आकडे उमटले: धुराचे तापमान २४० अंश, प्राणवायू शेकडा ११. त्याने मान हलवली. मला त्यातले काही कळले नाही, तेव्हा त्याने माझ्या आजीच्या कंदिलाची आठवण काढायला लावली. कंदिलाची वात फार वर काढली की काच काळी होते. कारण तेल जास्त आणि हवा अपुरी. वात खूप खाली नेली आणि हवा भरपूर झाली तर काच स्वच्छ राहते, पण उजेड पडत नाही. भट्टीचेही तेच. लाकूड जळायला हवा हवीच, लागते त्याहून थोडी अधिकच द्यावी लागते. पण अधिकाची अधिक झाली की ती फुकटची हवा भट्टीत येते, तापते आणि आपली उष्णता घेऊन चिमणीतून वर निघून जाते. धुरात प्राणवायू सहाच्या आसपास उरावा, अकरा उरला म्हणजे गरजेच्या दुपटीहून अधिक हवा आत घेतली जात होती. एवढ्या एका कारणाने दर शंभर गाड्यांतल्या पाच गाड्या लाकूड नुसते आभाळ तापवायला जात होते.

धुराड्यातली ओढ कमीजास्त करायला एक झडप असते. तिला डॅम्पर म्हणतात. तिचा दांडा मी पाहिला. तो पूर्ण उघडा होता आणि गंजलेल्या तारेने पक्का बांधून टाकलेला होता. मी वहीत लिहिले, 'तार!' पुढे उद्गारचिन्हही काढले. अण्णांना काही विचारले नाही. चहा मात्र प्यालो. चांगला होता.

मग मी लिहायला बसलो. माझ्यापुढे तक्ते होते, आकडे होते आणि इंग्रजीत लिहिलेली आखूड, निर्जीव वाक्ये होती. 'अतिरिक्त हवा: जास्त. डॅम्पर: पूर्ण उघडा. उपाय: नियंत्रण.' वाचून माझ्यातला मास्तर अस्वस्थ झाला. यात कर्ता कुठे आहे? उघडा ठेवणारा कोण? आणि माझ्यातला कादंबरीकार तर त्याहून अस्वस्थ झाला. त्याला माणूस हवा होता. मी लिहिले: 'बॉयलरवरील कामगार हवेची झडप तारेने कायमची बांधून ठेवतो व आपल्या सोयीसाठी ती सदैव उघडी टाकतो, त्याच्या या निष्काळजीपणामुळे कारखान्याचे शंभर गाड्यांमागे पाच गाड्या लाकूड दरसाल वाया जाते.' वाक्य उत्तम साधले होते. कर्ता, कर्म, क्रियापद, कारण, परिणाम, सगळे जागच्या जागी. विद्यार्थ्याने घाईत नजर फिरवली, आकडे पडताळून पाहिले. आकडे बरोबर होते. अहवाल गेला.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. बॉयलरला हार अण्णांनी घातला, हळदकुंकू त्यांनीच लावले, नारळ त्यांनीच फोडला. ती मानाची गोष्ट बावीस वर्षे त्यांच्याकडेच होती. पूजेनंतर सगळे जमलेलेच होते, तेव्हा मालकांनी अहवाल काढला आणि त्यातला मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. कामगारांना कळावा म्हणूनच तर तो मराठीत लिहून घेतला होता. माझे वाक्य सर्वांना कळले. कुणीतरी हसले असे म्हणतात. दिवाळीच्या बोनसात अण्णांच्या पाकिटात इतरांच्या निम्मे निघाले आणि पाडव्यानंतर ते कामावर गेले नाहीत.

हे मला समजले ते शाळेत. दिवाळीच्या सुटीनंतरचा पहिला तास; मी सवयीने फळ्यावर वाक्य लिहून 'कर्ता कोण?' असे विचारले. अण्णांचा पुतण्या मागच्या बाकावरून उभा राहिला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "मास्तर, त्या कारखान्यातला तो कागद तुम्ही लिहिलात काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. पूर्व भागातल्या त्या अरुंद बोळात दारादारांत बायका सुपे मांडीवर घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. अण्णांच्या पत्नीही वळत होत्या. त्यांनी मान वर न करता "या" म्हटले. अण्णांनी सतरंजी घातली. रागाचा एक शब्द नाही. मी तारेबद्दल विचारले. जे मी किटलीशेजारी बसून दोन महिन्यांपूर्वी विचारायचे ते.

"ती तार होय?" अण्णा म्हणाले. "कोरोनाच्या आदल्या पावसाळ्यातली हाय की ती. लाकूड सगळं ओलं आलतं. ओलं लाकूड, हवा कमी पडली की काळाभोर धूर. शेजारच्या कारखान्यात पांढरे टॉवेल वाळत घातलेले, त्यावर काजळी बसली. त्यांनी तक्रार केली, वरून कागद आला. मालक आले आणि म्हणाले, अण्णा, पुन्हा काळा धूर दिसला तर तुझं काही खरं नाही, पूर्ण उघड आणि बांधून टाक. तार त्यांनीच स्टोअरमधून आणून दिली."

"पण नंतर सोडायची?"

"ओढ दाखवायचं घड्याळ फुटलंय, मास्तर. तीनदा सांगितलं. घड्याळ न बघता कितीवर ठेवू? कमी झालं तर धूर, धूर झाला तर नोकरी. उघडं ठेवलं तर काय, लाकूड जास्त. लाकडाला कोण विचारतंय?"

घरी आल्यावर मी अहवालाची प्रत काढली आणि विद्यार्थ्याची वही तपासावी तशी लाल पेन घेऊन वाचायला बसलो. तेव्हा जे दिसले ते तारेपेक्षा वाईट होते.

त्या कारखान्यातला मोठा नाश बॉयलरच्या झडपेत नव्हताच. रंगाच्या यंत्रांतून वाफेचे जे गरम पाणी होते ते सरळ गटारात सोडलेले होते आणि बॉयलरला थंड पाणी पाजले जात होते. बॉयलरला जाणारे पाणी सहा अंश गरम असले तर इंधन सुमारे एक टक्का वाचते, असा या विद्येतला ठोकताळा आहे. इथे पन्नास अंशांचे पाणी रोज गटाराला मिळत होते. ते सगळे परत आणता आले नाही तरी नुसत्या त्यात अण्णांच्या पाच गाड्यांहून अधिक लाकूड होते. परतीची नळी टाकायचा खर्च मालकांनी पुढे ढकलला होता. पंख्यांच्या मोटारी स्वस्तात मिळाल्या म्हणून गरजेच्या दुप्पट ताकदीच्या घेतल्या होत्या. जळाल्या की नव्या आणण्याऐवजी पुन्हा पुन्हा गुंडाळून आणल्या होत्या, आणि अशा मोटारी दर वेळी थोडी अधिक वीज खाऊ लागतात. या सगळ्याबद्दल मी काय लिहिले होते? 'गरम पाणी गटारात सोडले जात असल्याचे आढळले.' 'मोटारी आवश्यकतेपेक्षा मोठ्या बसवल्या गेल्या आहेत.' सोडले जात. बसवल्या गेल्या. कर्मणी प्रयोग! सोडणारा कोण? बसवणारा कोण? एका ओळीतही कर्ता नाही. ज्या मास्तराने वीस वर्षे कर्त्याचा आग्रह धरला त्याने अख्ख्या अहवालात कर्ता एकदाच लिहिला, आणि तो हातावर ठिणग्यांचे डाग असलेला माणूस निघाला.

हे मला कोणी सांगितले नव्हते. मालकांनी दबाव आणला नव्हता, विद्यार्थ्याने सुचवले नव्हते. बारा टॉवेल तर नंतर आले. माझ्या लेखणीला आपोआप कळले होते की कुठे नाव घ्यायचे आणि कुठे प्रयोग बदलायचा. मी स्वतःला गरिबांविषयी लिहिणारा लेखक समजतो. माझ्या एका कादंबरीचा नायक मागावरचा कामगार आहे आणि तिच्यावर लोकांनी डोळे पुसल्याची पत्रे मला आली आहेत. असो.

विद्यार्थ्याशी मी हे बोललो तेव्हा आमचा वाद झाला. तो म्हणाला, "मास्तर, अकरा हा आकडा खोटा होता का?" नव्हता. "झडप उघडी नव्हती का?" होती. "मग? मी चोर शोधायला जात नाही, गळती शोधायला जातो. तारीख, तापमान, टक्के एवढंच मला ठाऊक. माणूस मध्ये आणलात तुम्ही." हे अगदी खरे होते. पण मला ते पुरेसे वाटेना. मी म्हटले, "तुझ्या तक्त्यात माणूस नाही म्हणून तो निर्दोष, हे मला मान्य नाही. तू अण्णांना का विचारलं नाहीस? यंत्र भोकात घालायला तुला दहा मिनिटं लागली. तार का बांधली, हे विचारायला एक मिनिट लागलं असतं." तो म्हणाला, "ते माझ्या फॉर्मात नाही." मग बराच वेळ आम्ही दोघेही गप्प होतो.

त्यानेच पुढे मला एक जुनी हकीकत आणून वाचायला दिली. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल म्हणून भाग आहे. तिथे तांब्याच्या नि कथलाच्या खाणी, पण कोळसा नाही. तो वेल्समधून गलबतांनी यायचा आणि महाग पडायचा. खाणीतले पाणी उपसायला वॅट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांनी आपली वाफेची यंत्रे तिथे दिली, ती एका अजब करारावर: जुन्या यंत्राच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा आम्हाला. यंत्र किती वेळा हलले हे मोजायला कुलूपबंद पेटीतला मोजक त्याच्या तुळईवर बसवीत. कुलूप कशासाठी, हे सांगायला नको. पुढे १८११ पासून तिथे दरमहा एक छापील पत्रक निघू लागले. कोणत्या खाणीवरचे यंत्र एक माप कोळशात किती पौंड पाणी एक फूट उचलते ते त्यात असे, यंत्रावरच्या अभियंत्याच्या नावासह. या मापाला त्यांनी शब्द कोणता योजावा? 'ड्यूटी'. कर्तव्य! यंत्राने किती कर्तव्य केले ते दरमहा छापून येई, आणि त्या चढाओढीने कॉर्नवॉलची यंत्रे पाहता पाहता सुधारली.

मी ती हकीकत दोनदा वाचली. नाव घेण्याने भले होते, हे त्यातून उघड दिसते; माझा पहिला सिद्धान्त अगदीच टाकाऊ नव्हता म्हणायचा. पण कॉर्नवॉलच्या पत्रकात ज्याचे नाव छापत तो अभियंता यंत्र बदलू शकत असे. झडप नवी बसवणे, नळी गुंडाळणे, दाब वाढवणे त्याच्या हाती होते. अण्णांच्या हाती काय होते? एक दांडा, आणि तोही बांधलेला. ज्याच्या हाताने गोष्ट घडते तो व्याकरणाचा कर्ता. ज्याला ती वेगळी घडवता आली असती तो कोण, याला व्याकरणात शब्द नाही. निदान मला शिकवलेल्या व्याकरणात नाही. आणि तो नेहमी मालकच असतो असेही म्हणवत नाही. मालकांच्या डोक्यावर बँकेचे कर्ज होते, टॉवेलाचा भाव त्यांच्या हातात नव्हता; परतीची नळी की या महिन्याचा हप्ता, असा त्यांच्यापुढे प्रश्न असे. प्रत्येकाच्या मागे कोणी तार आणून देणारा असतोच, असे म्हणत गेलो तर शेवटी कुणालाच काही विचारता येणार नाही. तिथेही मला थांबवत नाही. ज्याचा हात जितका मोकळा तितका प्रश्न त्याला आधी, इतपतच मी आज येऊन पोचलो आहे.

मी मजकूर पुन्हा लिहिला. तारेची हकीकत घातली, घड्याळाची घातली, गटाराच्या ओळीला कर्ता दिला. तो घेऊन मालकांकडे गेलो. माणूस वाईट नाही. वाचून थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. म्हणाले, "मास्तर, तार मी दिली होती, हे मी पार विसरलो होतो बघा." अण्णांकडे निरोप पाठवला, बोनसचे उरलेले पैसेही पाठवले. पैसे अण्णांनी घेतले. कामावर परत गेले नाहीत. मालकांनी नवे घड्याळ बसवले, परतीची नळीही टाकली. लाकूड खूपच वाचू लागले, आणि त्या वाचलेल्या वाफेच्या भरवशावर त्यांनी रंगाईचे आणखी एक यंत्र घेतले. आता लाकडाच्या गाड्या पूर्वीइतक्याच येतात. १८६५ साली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाविषयी हेच लिहून ठेवले आहे म्हणतात, की यंत्र काटकसरी झाले की कोळसा कमी नव्हे, जास्तच जळतो. तो निराळ्या लेखाचा विषय आहे. आणि नव्या यंत्रावर चौघांना काम मिळाले, त्यांतला एक माझा विद्यार्थी आहे, त्यामुळे मला त्याबद्दल फार उंच आवाजात बोलता येत नाही.

अण्णा आता एका सायझिंगच्या कारखान्यात बॉयलरवर आहेत. पगार थोडा कमी, घरापासून लांब. गेल्या महिन्यात तिथेही तपासणी होती, तेव्हा माझा विद्यार्थी मला म्हणाला, "येता का?" मी गेलो. या वेळी अहवाल लिहायचे मी कबूल केलेले नव्हते.

त्याने यंत्राची पेटी उघडली नाही. आधी किटलीशेजारच्या ओंडक्यावर बसला. "अण्णा, इथं कसं काय चालतंय?"

अण्णांनी दारातून बाहेर बोट दाखवले. चिमणीच्या तोंडाशी धूर होता. काळा नव्हे, अगदी पारदर्शकही नव्हे. फिकट तपकिरी, असेल नसेल असा. "इथं घड्याळ नाहीच," ते म्हणाले. "धूर बघून झडप ठेवतो. काळा झाला तर हवा कमी, दिसेनासा झाला तर जास्त."

मग त्याने नळी धुराड्यात सरकवली. आकडा थरथरत स्थिर झाला. अण्णा प्रथमच त्या यंत्राजवळ येऊन वाकून पाहू लागले.

"किती?"

"आठ."

"किती पाहिजे?"

"सहा."

अण्णांनी भट्टीचे दार उघडून आत पाहिले, एक ओंडका हातात घेऊन त्याचे वजन जोखले आणि म्हणाले, "लाकूड ओलं हाय."

त्याने वहीत आठ लिहिले. त्याच्यापुढे, फॉर्मात जागा नव्हती म्हणून समासात, लिहिले: लाकूड ओले, अण्णांच्या सांगण्याप्रमाणे. अण्णांनी तीन पेल्यांत चहा ओतला.